वाघाचा उपवास कुठल्या वारी असतो?

शाळेची सहल प्राणिसंग्रहालयात गेली की तिचा मार्ग ठरलेला असतो. फाटकापाशी डोकी मोजून होतात, दोन-दोनच्या रांगा लागतात, वाघाच्या काचेपाशी रेटारेटी होते, झोपलेल्या वाघाला उठवायला टाळ्या वाजतात. मग माकडं, मग मगर, मग डबे आणि परतीची बस. पिंजऱ्यासमोरच्या पाटीवर नाव, शास्त्रीय नाव, आयुर्मान आणि ‘आहार: मांसाहारी’ असं लिहिलेलं असतं. मुलं ते वहीत उतरवून घेतात. त्याच आवारात, झाडीआड, एक साधी बैठी इमारत असते. तिथे सकाळपासून सुऱ्या चालत असतात, वजनकाट्यावर मांसाचे तुकडे आणि चाऱ्याचे भारे चढत-उतरत असतात, बादल्यांवर पिंजऱ्यांचे क्रमांक टाकलेले असतात. प्राण्यांची ही कोठी आणि स्वयंपाकघर सहलीला कधीच दाखवलं जात नाही. माझ्या मते सहल तिथूनच सुरू व्हायला हवी. वाघ नंतर बघितला तरी चालेल, तो बहुधा झोपलेलाच असतो.

प्राणी काय खातात हे आपण मुलांना शिकवतो, नाही असं नाही. तिसरी-चौथीच्या आसपास शाकाहारी, मांसाहारी आणि मिश्राहारी असे तीन रकाने येतात. त्यात गाय, वाघ आणि कावळा बसवले की धडा संपतो. पण कीपरला, म्हणजे प्राण्यांना रोज खाऊ घालणाऱ्या आणि त्यांची निगा राखणाऱ्या माणसाला, या तीन रकान्यांचा उपयोग शून्य आहे. हरीण आणि हत्ती दोघंही पहिल्या रकान्यात असले, तरी हत्तीला दिवसाला साधारण 150 किलो चारा लागतो. त्याची पचनसंस्था खाल्लेल्यातलं निम्म्याहून अधिक तसंच बाहेर टाकते, म्हणून जंगलात तो दिवसाचे सोळा-अठरा तास चरतच असतो. हरणाला चार खणांचं पोट आहे आणि तिथले सूक्ष्मजीव गवत आंबवून देतात. त्याच हरणापुढे कुणी प्रेमानं ब्रेडचा पुडा रिकामा केला, तर पिठूळ अन्न पोटात भराभर आंबतं, आम्ल वाढतं आणि प्राणी मरूही शकतो. ‘शाकाहारी’ एवढंच शिकलेल्या मुलाला ब्रेड देण्यात काही चूक दिसणार नाही. ब्रेडही शाकाहारीच की.

वाघाचं तर आणखी बघण्यासारखं आहे. आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालयांत मोठ्या वाघाला रोज साधारण 8 ते 10 किलो मांस मिळतं आणि बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एक दिवस काहीच मिळत नाही. जंगलात वाघाला रोज शिकार साधत नाही. साधली की तो एका बैठकीत पंचवीस-तीस किलो हाणतो आणि मग काही दिवस रिकामा राहतो. पिंजऱ्यात हालचाल कमी, त्यामुळे रोज भरपेट दिलं तर चरबी चढते. म्हणून उपवास. ‘उपवास’ हा शब्द ऐकून मुलांच्या वर्गात काय होईल हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही कळेल. वाघाची चतुर्थी असते का आणि त्याला साबुदाणा चालतो का, हे प्रश्न येणारच. येऊ द्यावेत. त्या हसण्याच्या ओघात भूक ही प्रत्येक जिवाची वेगळी असते, हे पोरांना कळून जातं. अजगराला एकदा पोटभर मिळालं की आठवडेच्या आठवडे काही लागत नाही, आणि चिचुंद्रीला काही तास उपाशी राहणंही जड जातं.

नुसतं मांस देऊनही वाघाचं भागत नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. बिनहाडाच्या मऊ मांसावर वाढवलेल्या बछड्यांची हाडं ठिसूळ होतात, पाय वाकतात. टॉरिन नावाचं द्रव्य मांजरकुळाला स्वतःच्या शरीरात पुरेसं तयार करता येत नाही, ते प्राणिज अन्नातूनच मिळावं लागतं. माणूस गाजरातून अ जीवनसत्त्व काढून घेतो, वाघाला तेही जमत नाही. मासे खाणाऱ्या प्राण्यांची तऱ्हा निराळी. राणीच्या बागेत 2016 साली सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले तेव्हा अख्ख्या मुंबईनं त्यांच्या वातानुकूलनावर आणि खर्चावर चर्चा केली, पण ते खातात काय याची चौकशी फार थोड्यांनी केली असेल. साठवलेल्या गोठवलेल्या माशांतलं ब-1 जीवनसत्त्व घटतं आणि काही जातींच्या माशांत ते नष्ट करणारं द्रव्यच असतं. म्हणून असे प्राणी पाळणाऱ्या ठिकाणी माशाच्या कल्ल्यात गोळी दडवून तो मासा भरवण्याची पद्धत आहे. घरोघरी आया गुळाच्या खड्यात औषध लपवतात, तेच हे.

ठाण्याच्या खाडीत आणि भिगवणला मुलं फ्लेमिंगो पाहतात, त्यांचे गुलाबी फोटो काढतात. तो गुलाबी रंग शेवाळातून आणि त्यावर जगणाऱ्या बारीक कवचधारी जिवांतून आलेला असतो. प्राणिसंग्रहालयात ते द्रव्य खाण्यातून दिलं नाही, तर दर पिसं गळतीनंतर पक्षी फिका पडत जातो. आपण जे खातो त्याचंच आपलं शरीर बनतं, हे विज्ञानाच्या पुस्तकातलं वाक्य मुलाला इतक्या स्वच्छ रंगात दुसरीकडे कुठे दिसणार?

रकान्यांखेरीज आपण मुलांना आणखी एक गोष्ट शिकवतो, ती म्हणजे थापा. माकड केळं खातं, साप दूध पितो, मांजर दूध पितं, उंदीर चीज खातो (हा शेवटचा उंदीर दूरदर्शनच्या पडद्यातून आपल्या घरात शिरला, आपल्या उंदरांनी चीज पाहिलंही नव्हतं). साप दूध पचवू शकत नाही. नागपंचमीच्या आधी त्याला तहानलेला ठेवतात म्हणून तो ओठाशी आलेलं ओढतो. वाढ पूर्ण झालेल्या बहुतेक मांजरांनाही दूध बाधतं. केळ्याबद्दल तर इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयानं 2014 मध्ये माकडांची केळीच बंद केली. माणसानं पिकवलेली फळं रानातल्या फळांपेक्षा फार गोड असतात, त्यामुळे दात किडतात आणि मधुमेहाचा धोका वाढतो, हे कारण. केळ्याऐवजी पालेभाज्या सुरू झाल्या. ही हकिगत एखाद्या वर्गात सांगून पाहा. स्वतःच्या डब्यातल्या पालेभाजीकडे मुलं जरा वेगळ्या नजरेनं बघतील, हा वरकड नफा.

आता अवघड मुद्दा. प्राण्यांची कोठी मुलांना दाखवायची म्हणजे मांस दाखवायचं. आणि आपल्याकडे मांस ही पोषणाची गोष्ट कधीच नुसती नसते. शाकाहारी आणि मांसाहारी हे शब्द जीवशास्त्राच्या तासाला येतात तेव्हा मुलांनी ते आधीच दुसरीकडे ऐकलेले असतात: भाड्यानं घर देताना, डब्याच्या सुट्टीत, शेजारच्या काकूंच्या बोलण्यात. त्या शब्दांना जात, धर्म, सोवळं आणि चांगुलपणा चिकटलेला असतो. म्हणून हरीण ‘गरीब’ ठरतं आणि वाघ ‘क्रूर’. गोष्टीतला ससा चांगला आणि लांडगा दुष्ट, हा न्यायनिवाडा केवळ दातांच्या ठेवणीवरून होतो.

मोठी माणसं ही समजूत घेऊनच मोठी होतात आणि मग ती प्राण्यांच्या ताटापर्यंत पोचते. ऑक्टोबर 2020 मध्ये गुवाहाटीच्या प्राणिसंग्रहालयाबाहेर आंदोलकांनी वाघ-सिंहांसाठी गोमांस घेऊन येणाऱ्या गाड्या अडवल्या होत्या. महाराष्ट्रात मार्च 2015 मध्ये बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वाघ-सिंहांच्या जेवणाचं काय, हा प्रश्न वर्तमानपत्रांत गाजला. म्हशी-रेड्यांचं मांस त्या बंदीत येत नव्हतं, म्हणून मार्ग निघण्यासारखा होता. पण त्या काळात ‘कोंबडी द्या की, काय फरक पडतो’ असं सहज म्हणणारी शिकलेली माणसं भेटत होती. फरक काय पडतो याचं एक उत्तर पुढे नागपूरला मिळालं. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं दगावले, आणि संशय गेला तो त्यांना दिलेल्या कोंबडीच्या मांसावर. कोठीत काय येतं, कुठून येतं, कुणी तपासलं, हे प्रश्न वाघाच्या जिवाशी असे जोडलेले असतात.

मुलं घाबरतील, ही शंका पालक हमखास काढतात. कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयानं फेब्रुवारी 2014 मध्ये मॅरियस नावाचा निरोगी तरुण जिराफ मारला, लहान मुलांदेखत त्याचं विच्छेदन केलं आणि त्याचं मांस सिंहांना घातलं. जगभर आरडाओरड झाली. तो प्रयोग इथे करा असं मी म्हणणार नाही. निरोगी जिराफ मारायला हवा होता का, हा वाद मला अजूनही मिटलेला वाटत नाही. पण तिथल्या चित्रांत पुढच्या रांगेत उभी असलेली मुलं टक लावून पाहत होती आणि ओरडत होते ते दूरचे मोठे लोक, एवढं ध्यानात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडेही कोळीवाड्यातलं, खेड्यातलं, रविवारी वडिलांबरोबर मटणाच्या दुकानात रांगेत उभं राहणारं मूल कापलेलं मांस पाहतच असतं. घाबरण्याचा प्रश्न एका छोट्या वर्गाचा आहे, आणि तो सगळ्या शाळांचा नियम होऊ नये. ज्या घरात मांस येत नाही, तिथल्या मुलाला दूर उभं राहण्याची, न पाहण्याची पूर्ण मोकळीक असावी. मात्र ‘वाघ ते खातो म्हणून वाईट’ असं त्याला वाटू न देणं ही शिक्षकाची जबाबदारी. कोठीतलं मांस कुणाच्या धर्माविरुद्ध नसतं आणि बाजूनेही नसतं.

याच्या उलट बाजूला उभी आहे आपली खाऊ घालण्याची हौस, आणि ती मांसापेक्षा जास्त नुकसान करते. पूर्वी पुण्यात पेशवे पार्कात जाणं म्हणजे फुलराणीत बसणं आणि प्राण्यांना काही ना काही भरवणं, हे पिढ्यांनी केलं. पुढे ते प्राणी कात्रजला गेले, सवय मागेच राहिली असं मात्र नाही. पाणघोड्यानं जबडा उघडला की कुणाचा तरी हात पुडीसकट पुढे होतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 38-जे नुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला छेडणं जसा गुन्हा आहे, तसंच त्याला खाऊ घालणंही. कायदा करणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी एकाच ओळीत ठेवल्या, हे मला फार योग्य वाटतं. बाहेर तर काहीच धरबंध नाही. घाटातल्या वळणावर गाड्या थांबवून माकडांना वेफर्स द्यायचे, आणि त्याच माकडानं पर्स ओढली की वनखात्याला फोन करायचा. 2025 च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्याचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, दाणे टाकणं थांबवायला त्यावर ताडपत्री पडली, ती फाडायला माणसं धावली. श्रद्धा, आरोग्य, राजकारण, सगळं बोलून झालं. रोज पोत्यानं पडणाऱ्या दाण्यांनी कबुतरांच्या संख्येचं, इतर पक्ष्यांचं आणि शेजारच्या इमारतींतल्या फुप्फुसांचं काय होतं, हे कबुतराच्या बाजूनं विचारणारे थोडे होते. देणाऱ्याला पुण्य लागलं की हिशेब मिटला, अशी ही रीत आहे.

कीपरचं काम या रीतीच्या नेमकं विरुद्ध आहे. तो देतो ते मोजून. किती दिलं, किती उरलं, लीद कशी पडली, हे रोजच्या अहवालात लिहितो. आवडतं म्हणून जास्त देत नाही आणि दया आली म्हणून उपवास मोडत नाही. अस्वलाला तो मध सरळ ताटलीत देत नाही, ओंडक्याच्या भोकांत चोपडून ठेवतो, कारण रानातलं अस्वल वारुळं उकरून, वरच्या दातांमधल्या फटीतून वाळवी शोषून पोट भरतं आणि त्या खटपटीवाचून पिंजऱ्यात ते एकाच जागी झुलू लागतं. (एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत फळं गोठवलेल्या बर्फाच्या लादीशी खेळणाऱ्या अस्वलाचा फोटो येतो, ‘प्राण्यांनाही उकाडा’ असा मथळा असतो. त्या लादीनं त्याला थंडाव्याबरोबर उद्योगही मिळतो.) प्रेम म्हणजे काय, यावर मूल्यशिक्षणाच्या तासाला शिक्षक जे काही सांगतात, त्यापेक्षा हे बघणं मुलांना पुरेसं होईल.

आणि हा विषय फक्त शहरातल्या सहलींपुरता नाही. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं सुमारे 87 टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला. त्यातही सर्वांत मोठा, 39 टक्के वाटा कुत्र्यांचा होता. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसात आज बिबट्या आणि माणसाचं जे चाललं आहे ते या आकड्यांशिवाय कळत नाही. उकिरड्यावर कुत्री जगतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या पोराच्या दृष्टीनं बिबट्या काय खातो हा परीक्षेतला एका मार्काचा प्रश्न राहिलेला नाही. त्या गावातल्या शाळेनं माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातल्या कीपरला वर्षातून एकदा बोलावून घेतलं तरी भिंतीवरच्या दहा तक्त्यांचं काम होईल.

प्राणिसंग्रहालयंच नकोत असं म्हणणारे मला विचारतील की तुम्ही पिंजऱ्याला शैक्षणिक मुलामा देताय का. त्यांची शंका रास्त आहे. पण कोठी हीच अशी जागा आहे जिथे पिंजऱ्याची किंमत लपत नाही. बादलीतल्या नऊ किलो तुकड्यांकडे बघणारं दहा वर्षांचं मूल ‘मग हा शिकार कधी करतो?’ असं विचारतंच. कीपरनं ‘कधीच नाही’ असं खरं उत्तर द्यावं. पुढचा विचार मुलावर सोडावा. मला जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे. हे पैसेवाल्यांच्या वाढदिवसांचं कूपन होईल, जिराफाला फांदी भरवतानाचा फोटो, सोबत कीपरची टोपी आणि प्रमाणपत्र. तसं झालं तर ते पुन्हा आपल्या हौसेचंच खाऊ घालणं. मैसूरच्या प्राणिसंग्रहालयात शाळकरी मुलांचा युवा गट रविवारी येऊन शिकतो, अशी दीर्घ मुदतीची सवय मला जास्त भरवशाची वाटते.

स्वच्छतेचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्यातून पळवाट नाही. जुलै 2025 मध्ये कात्रजला डझनाहून अधिक चितळं लाळ्या-खुरकूत रोगानं मेली. गोठ्यातून आलेल्या चपला, हात, वैरण यांतून रोग कसा पोचतो हे माहीत असताना मुलांच्या झुंडी कोठीत सोडणं वेडेपणाचं ठरेल. मग काच बसवा. काचेच्या अलीकडे मुलं, पलीकडे काम. कुठल्याही बऱ्या हॉटेलात गिऱ्हाईकाला स्वयंपाकघर काचेतून दिसतं. पाय बुडवायच्या औषधी पाण्याचा हौद, वेगवेगळ्या रंगांच्या सुऱ्या, मांस आणि भाजीची वेगळी टेबलं, हे दिसलं की रोग म्हणजे काय हेही त्याच वेळी शिकून होतं. गणिताच्या बाईंना तर मेजवानीच: पाच वाघ, प्रत्येकी नऊ किलो, आठवड्यातून सहा दिवस. वर्षाचं उत्तर 14 टनांच्या पुढे जातं. हे मांस निविदा काढून विकत घ्यावं लागतं आणि ते पैसे करातून येतात, इथवर नागरिकशास्त्रही पोचतं.

शिकवायचं कुणी? पत्रकं वाटणाऱ्या भाड्याच्या मार्गदर्शकानं नव्हे, कीपरनंच. इथे आपला दुटप्पीपणा उघडा पडतो. वाघाची विष्ठा बघून त्याचं दुखणं ओळखणारा माणूस आपल्या हिशेबी पिंजरा झाडणारा असतो. अनेक ठिकाणी तो कंत्राटी असतो, आणि मुलांना त्याच्याकडे बोट दाखवून ‘अभ्यास केला नाहीस तर असं काम करावं लागेल’ असं सांगणारे पालकही असतात. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण कीपरांसाठी प्रशिक्षणं घेतं. त्यात मुलांसमोर बोलण्याचा एक दिवस घाला आणि त्या बोलण्याचा वेगळा भत्ता द्या. काही जण बुजतील, काही जण असे रंगतील की बस सुटायची वेळ टळेल.

पैसा आणि परवानगी ही सबब पुढे येईल. पण भायखळ्याची राणीची बाग मुंबई महापालिकेची आहे आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय पुणे महापालिकेचं. या दोन्ही महापालिका शेकड्यांनी शाळाही चालवतात. उद्यान खात्यानं शिक्षण खात्याला एक पत्र लिहायचं, कोठीच्या एका भिंतीत काच बसवायची आणि पुढच्या जूनपासून चौथीच्या वर्गांचे वार लावून द्यायचे. वाघाच्या उपवासाचा वार तेवढा त्या वेळापत्रकातून वगळावा लागेल.